अक्काची जागा

अक्काला बसलेली मी आयुष्यात एकदाच पाहिली. तिच्या दुकानात मी किती वर्षं धान्य निवडलं, पण पाहावं तेव्हा ती उभी. भाकरी थापताना उभी, तागडी धरताना उभी, जेवतानासुद्धा ताटली डाव्या हातात घेऊन उभी. सगळ्या बायका चूल जमिनीवर मांडतात, तिनं कट्ट्यावर मांडली होती. एक पाय मागं दुमडून खांबाला लावायचा आणि दुसऱ्यावर भार द्यायचा, थोड्या वेळानं पाय बदलायचा, अशी तिची रीत. खांबाला त्या जागी तिच्या टाचेनं गुळगुळीत खळगा पडला होता. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की तागडीच्या दांडीवर हात ठेवून ती उभ्यानंच डुलकी घेई. डोकं हळूहळू डावीकडं झुकायचं, खांद्याला टेकायला आलं की झटक्यानं वर यायचं, आणि ती विचारायची, "कोण आलतं काय ग?" कोणी आलेलं नसायचं.

तिचं नाव नीलव्वा. कागलच्या अलीकडच्या एका खेड्यातली, लिंगायत घरातली, कानडी आणि मराठी दोन्ही बोलणारी. सगळी पेठ तिला अक्का म्हणे आणि ती मला तंगी म्हणे. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. "दमलो ग तंगी," हे तिच्या तोंडचं वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा माझं स्वतःचं नावही ऐकलं नसेल. ती तक्रार नसायची. ऊन पडलं, पाऊस आला असं आपण सांगतो, तसं ती दमलो म्हणून सांगे. सकाळी दुकान उघडतानाही ती दमलेलीच असे. मी म्हणे, मग बस की जरा. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं.

"बसायचं हायच की. आमच्यात मेल्यावर आडवं करत न्हाईत, बसवून पुरत्यात. कपाळाला इभूत, गळ्यात फुलं, आणि काम काय न्हाय. तवा बसंन निवांत, त्येच्या शेजारी."

त्येच्या म्हणजे नवऱ्याच्या. तो प्लेगात गेला होता. गावाकडच्या मळ्यात करंजाच्या झाडाखाली त्याला बसवून माती दिली होती, आणि त्याच्या शेजारची एका माणसाची जागा अक्कासाठी मोकळी होती. तिथं ऊस लावत नाहीत, बैल बांधत नाहीत, असं ती सांगे. सांगताना तिचा आवाज बदलायचा नाही. हातातलं काम मात्र जरा थांबायचं.

आमच्या पेठेत ती आली ती मंडईमुळं. महाराजांच्या कारकिर्दीत शहरात जिकडं तिकडं काही ना काही बांधणं चालू होतं, त्यातच ही मंडई झाली. वर पत्र्याचं छप्पर, खाली दगडी कट्टे, मधून गिऱ्हाइकाला फिरायला वाट, आणि कट्ट्यांच्या मागं बांबूचा कूड. रस्त्यावर भाजी विकणाऱ्या खेड्यातल्या बायकांनी उन्हापावसात बसू नये म्हणून ती बांधली होती. हेतू चांगला होता. पण कट्टे असे घातले गेले की विकणारी त्यावर बसली की तिची पाठ नेमकी अंबाबाईच्या शिखराकडं व्हायची. पहिल्या दिवशी वडगावकडच्या माळणी टोपल्या घेऊन आल्या, कट्ट्यांवर चढल्या, पदर सारखे करून बसल्या, आणि त्यातल्या एकीनं कुडावरून मागं वळून पाहिलं. आईकडं पाठ करून सकाळची पहिली विक्री, भवानी करायची व्हय, असं म्हणून ती उतरली. तिच्यामागं सगळ्या उतरल्या.

हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. बाजारावर नेमलेले साहेब होते, त्यांनाही पटलं. त्यांनीसुद्धा शिखराकडं पाहून हात जोडले म्हणतात. पण कट्टे दगडाचे होते आणि छप्पर चढलेलं होतं, आता काय करणार. त्यांनी काही दिवस शिपाई लावून बायकांना आत बसवून पाहिलं. शिपाई लांब गेला की बायका टोपल्यांसकट रस्त्यावर. शेवटी शिपाईही कंटाळला. मंडईत कुत्री झोपायला लागली, पोरं विटीदांडू खेळायला लागली. माझं सासर त्या मंडईच्या समोरच होतं, त्यामुळं हे सगळं मी उंबऱ्यातून पाहिलेलं आहे.

मागं राहिली एकटी अक्का. ती गावाहून शेंगांची चटणी आणि गूळ विकायला येत असे. ती कट्ट्यावर कधी बसलीच नव्हती. कट्ट्यावर माल मांडायचा आणि आपण गिऱ्हाइकाच्या वाटेत, देवळाकडं तोंड करून उभं राहायचं, असं तिनं पहिल्यापासून केलं. मग गिऱ्हाइकानं उभं कुठं राहायचं? एका दुपारी तिनं कोयता घेतला आणि मागचा कूड माणूसभर रुंद तोडून काढला. आता गिऱ्हाईक तिकडून यायला लागलं. म्हणजे पाठ झाली ती गिऱ्हाइकाची. असं कोणीतरी तिला म्हणालं, तर ती म्हणाली की गिऱ्हाईक घटकाभर थांबतंय, जाताना फिरून नमस्कार करंल, त्येला आई काय बोलायची न्हाय.

तेव्हापासून ती जी उभी राहिली ती उभीच.

सरकारी कूड तोडला म्हणून साहेब रागावून आले. वयस्क, सज्जन गृहस्थ होते. मंडई ओस पडली याचं खापर त्यांच्या डोक्यावर फुटत होतं, त्यामुळं तेही बिचारे दमलेलेच होते. दोन दमलेली माणसं कट्ट्याच्या दोन बाजूंना उभी राहून बराच वेळ बोलली. अक्कानं सांगितलं की मला ही सगळी रिकामी मंडई द्या, मी एका अंगाला किराणा घालतो, एका अंगाला खानावळ. आमच्याकडच्या बायका आलो, गेलो, करतो असंच बोलतात, तशी ती बोले. साहेबांनी एक वर्षाची मोकळीक दिली. चाललं तर पुढं बघू म्हणाले.

माझा नवरा दरबारच्या पागेत होता आणि घोड्यांबरोबर महिनोन्‌महिने बाहेर असे. घरी हात रिकामे नकोत म्हणून सासूनं मला अक्काकडं धान्य निवडायला धाडलं. मी मुलींच्या शाळेत चार इयत्ता शिकलेली, पण चार माणसांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. आजही तसंच आहे. पहिल्या दिवशी मी जोंधळ्याच्या ढिगाआड तोंड लपवून बसले. दुसऱ्या दिवशी येऊन पाहते तो अक्कानं तागाची पोती उसवून एक पडदा शिवला होता आणि मागच्या दाराजवळच्या कोपऱ्याला टांगला होता. त्या विणीतून मला सगळं दिसे, मी कोणाला दिसत नसे. अक्काविषयी मला जे ठाऊक आहे ते त्या पोत्याच्या विणीतून पाहिलेलं आहे.

तिचं दुकान चाललं ते एका साध्या रीतीमुळं. आमच्या गावात अर्धी माणसं अर्ध्या माणसांच्या हातचं खात नसत. आणि देवीला येणारे, पुढं जोतिबाला जाणारे लोक तर कुठून कुठून आलेले, प्रत्येकाचं सोवळं वेगळं. म्हणून अक्कानं मंडईच्या मागं मोकळ्यावर तीन चुली घातल्या. ज्याला तिच्या हातचं चालतं त्यानं आत पाटावर बसावं, भाकरी, आमटी, वांग्याची भाजी, चटणी, ताक जेवून जावं. ज्याला चालत नाही त्यानं पीठ, डाळ, तेल, मीठ, लाकूड विकत घ्यावं आणि मागं जाऊन आपलं आपण शिजवावं. दारात येणाऱ्या प्रत्येकाला ती एवढंच विचारी, "शिजलेलं का कोरं?" कोऱ्या पिठाला विटाळ नाही हे सगळ्यांना मान्य होतं. ते पीठ मंडईमागच्या बोळातली अमीनाबी दळून द्यायची, तेही सगळ्यांना माहीत होतं. आत जेवणारा आणि बाहेर रांधणारा, दोघांच्याही पोटात पीठ तेच जाई.

अक्का काही कोणाला सुधारायला निघाली नव्हती. कोणाला कोणाचं चालतं हे ती मापाचं विचारावं तसं विचारून घेई. एकदा मागच्या चुलींवर दोन घराण्यांच्या यात्रेकरूंत भांडण लागलं. एकाच्या चुलीतला विस्तव दुसऱ्यानं न विचारता उचलला होता आणि आता पहिल्याची चूल बाटली की दुसऱ्याची, यावर दोन्हीकडच्या म्हाताऱ्या हमरीतुमरीवर आल्या होत्या. अक्का बराच वेळ खांबाला टेकून ऐकत राहिली. मग काड्याची पेटी घेऊन गेली, दोघींच्या हातात एक एक काडी दिली आणि म्हणाली, "भांडा, पण पेटवून भांडा. डाळ शिजू द्या तवर." परत येऊन मला म्हणाली, दमलो ग, दुसऱ्याचं भांडण ऐकूनसुद्धा माणूस दमतंय.

चहा तिनं कधी ठेवला नाही. त्या वेळी शहरात चहाचं नवं वेड आलं होतं आणि तालमीतून येणारी पोरं रोज विचारायची. तिचं म्हणणं, जेवणारं माणूस पोट भरलं की उठतंय, चहा पिणारं उठत न्हाय. मला वाटतं तिला बसलेल्या माणसांचा जरा हेवाच होता. साहेबांनी एकदा तिच्यासाठी कचेरीतली जुनी खुर्ची पाठवली. लाकडी, मागं टेकायला वेताची जाळी, हात थोडे हललेले. अक्कानं ती पुसली, दोन्ही बाजूंनी पाहिली, आणि तिच्यावर गुळाची ढेप ठेवली. मुंग्या लागत नाहीत म्हणाली. पुढं साहेब जेवायला आले तेव्हा ढेपेकडं पाहून त्यांनी विचारलं, ह्या कोण बाई बसल्यात? अक्का म्हणाली, आमच्या थोरल्या जाऊबाई.

वर्ष संपत आलं तसे साहेब एक दिवस न जेवता उभे राहिले. पुढं कायमची जागा देण्याला त्यांची तयारी होती. पण एकट्या बाईच्या नावानं देता येत नाही, वरून विचारणा होईल, असं ते म्हणाले. घरचा कोणी कर्ता पुरुष कचेरीत येऊन आमची हरकत नाही म्हणाला तर काम होईल. नाहीतर एक कापडवाला जागा मागतोच आहे. अक्काला घरचा पुरुष म्हणजे एकच, धाकटा दीर मल्लाप्पा. त्याला निरोप धाडायला ती बरेच दिवस तयार नव्हती. शेवटी गुळाच्या गाडीवानाबरोबर धाडला.

मल्लाप्पा आला. उंच, तांबडा पटका, कपाळावर विभूतीचे पट्टे, कोणाकडं सरळ न पाहणारा. अक्का त्या घरात लग्न होऊन गेली तेव्हा तो आईविना लहान पोर होता. तिच्या हातच्या भाकरीवर तो वाढला, हे तिनं मला आधी सांगितलं होतं. तो आल्यावर ती म्हणाली, "बस, वाढतो." तो पाटापर्यंत गेला आणि थांबला.

"पाणी कुणी भरलंय?"

अक्कानं माझ्या पडद्याकडं बोट केलं. कोणाची पोर, कोणत्या घरातली, ते सांगितलं. आमच्यात मटण खातात हेही तिनं न विचारता सांगून टाकलं. मल्लाप्पा पाटावरून मागं सरला.

"मग मला कोरं द्या, वैनी."

अक्कानं तागडी उचलली, आणि कोणाही परक्या माणसाला द्यावं तसं पीठ, डाळ, दोन मिरच्या, मीठ त्याला मापून दिलं. नंतर पीठ एक मूठ वर घातलं.

माझा कोपरा मागच्या दाराला लागून होता, म्हणून पुढचं सगळं माझ्या समोर झालं. मल्लाप्पानं जन्मात चूल पेटवली नसावी. फुंकून फुंकून त्याचे डोळे पटक्यासारखे लाल झाले. पीठ त्यानं स्वतः शेंदून आणलेल्या गार पाण्यात भिजवलं, त्यामुळं भाकरी थापताना चिरत होती, तव्यावर टाकताना दोन तुकडे झाले, उलटताना चार. अक्का दारात खांबाला टेकून उभी होती. मदतीला पुढं झाली नाही. तिच्या हातचं चालत नाही म्हणाला होता ना. फक्त एकदा म्हणाली, "पाणी कढत घ्यावं लागतंय."

करपलेले तुकडे चावता चावता तो बोलायला लागला. गावात लोक नावं ठेवतात. आपल्या घरची बाई बाजारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला जेवू घालते हे बरं दिसत नाही. झालं एवढं बास झालं.

"घराकडं चला. राबायला लागत न्हाय तुम्हास्नी. बसून खावा."

अक्का हसली. ती मोठ्यानं हसत नसे, नाकातून श्वास सोडल्यासारखं हसायची.

"मल्ल्या, त्या घरात मला कवा बसलेली बघितलीस तू?"

तो चावायचा थांबला. आठवत असावा. मळ्यात, गोठ्यात, चुलीपुढं, कुठं ना कुठं ती त्याला दिसली असेल, आणि सगळीकडं वाकलेली नाहीतर उभी. उत्तर सापडलं नाही म्हणूनच तो चिडला असं मला वाटतं. हात धुऊन तो उठला आणि म्हणाला की कचेरीत येतो, हरकत नाही म्हणतो, साहेबांना पाहिजे ते सांगतो.

"पर हितं ऱ्हाणार असला तर हितलंच व्हायाचं. मळ्यात अण्णाच्या शेजारची जागा मग सोडा. घर सोडलेल्या माणसाला आमी तितं बसवणार न्हाय."

आतून कोणीतरी अक्काला हाक मारत होतं. शिजलेलं मागणारे दोघे-तिघे आले होते. अक्का तशीच दारात उभी. तिचा टाचेवरचा भार या पायावरून त्या पायावर गेला, परत या पायावर आला. बसायची ती एकच जागा तिनं आयुष्यभर धरून ठेवली होती. इकडं उभं राहायची जागा मिळवायची तर ती सोडायला लागत होती.

"सांग जा," ती म्हणाली. "हरकत न्हाय म्हणून सांग."

आणि आत जाऊन आमटी वाढायला लागली.

जागा तिला मिळाली. मल्लाप्पा बोलून गेला त्या दिवशी दुपारी कोणी शिधा मागितला की ती तागडीला हात लावत नव्हती, नुसत्या मुठीनं भरून देत होती. किती जातंय याकडं तिचं लक्ष नव्हतं. एक गोष्ट मात्र तेव्हापासून बदलली. मी बस म्हटलं की ती अजूनही "बसंन की" म्हणायची. पण "त्येच्या शेजारी" हे पुढचे शब्द तिनं परत कधी म्हटले नाहीत.

त्यानंतर वर्षं गेली. मला मुलं झाली, सासू गेली, साहेब पेन्शनीत गेले. अक्काचे पाय सुजायला लागले. पोटऱ्यांना ती जुन्या लुगड्याच्या पट्ट्या बांधायची आणि संध्याकाळी सोडताना कातडीवर पट्ट्यांची नक्षी उमटलेली असायची. कापूर, ताक, एरंडेल, जे कोणी सांगेल ते ती लावायची. अमीनाबी पिठाचा डबा ठेवता ठेवता रोज तिला रागवायची. "बैठ की जरा, मेल्यावरच बसणार काय तू?" म्हणायची. आणि मग आपण काय बोललो हे ध्यानात येऊन पदर तोंडाला लावायची.

मल्लाप्पा परत येणार नाही असं आम्हाला वाटलं होतं. पण पुढच्या साली गुऱ्हाळं संपल्यावर तो गुळाची गाडी घेऊन बाजाराला आला, आणि माल उतरवून झाल्यावर मंडईच्या मागच्या बाजूनं आला. म्हणाला, कोरं द्या. अक्कानं दिलं. त्यानं चूल पेटवली, रांधलं, खाल्लं, गेला. दोघं चार वाक्यंसुद्धा बोलली नसतील. पण दरसाल तो यायला लागला. आत जेवत नसे, माठाला शिवत नसे, मळ्याचं नाव काढत नसे. येऊन चुलीपुढं बसायचा, आणि अक्का दारात उभी राहून त्याच्या भाकरीकडं बघायची. हळूहळू तो पाणी कढत घ्यायला शिकला. भाकरी चिरायची थांबली, मग गोल व्हायला लागली, एका साली तर टम्म फुगली. अक्का एवढंच म्हणाली, "जमाय लागलं." मल्लाप्पानं मान वर केली नाही, पण त्याचे कान लाल झाले. पन्नाशीकडं आलेला माणूस, गावात सगळे ज्याला गौडा म्हणत, ज्याच्या शब्दाला मान, तो दोन शब्दांनी पोरासारखा लाजला.

एका साली त्यानं दोन भाकरी केल्या. एक स्वतःपुढं घेतली. दुसरी तव्यावरून उचलून, चटणी ठेवून, दाराजवळच्या दगडावर ठेवली आणि आपली खायला लागला. अक्का त्या भाकरीकडं पाहत राहिली. लग्न झाल्यापासून दुसऱ्या कोणी केलेली भाकरी तिच्या वाट्याला कधी आली होती का, मला माहीत नाही. तिनं ती उचलली आणि उभ्यानंच खाल्ली. मधला भाग हातानं दाबून पाहिला.

"कच्ची हाय," ती म्हणाली, आणि शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

ती गेली त्या साली तापाची साथ होती. घरोघरी माणसं पडलेली, चुली थंड. अक्का बरेच दिवस उभी राहिली. मग एका सकाळी मी गेले तो ती जोंधळ्याच्या पोत्यांवर आडवी झालेली. तिला आडवी पाहिल्याबरोबर मला कळायचं ते कळलं. दोन दिवस अमीनाबी आणि मी आळीपाळीनं कपाळावर पट्ट्या ठेवल्या. पेठेतले लिंगायतांचे गुरू जंगमस्वामी विचारपूस करायला आले तेव्हा तिनं त्यांना अगदी सरळ सांगितलं.

"हितलीच जागा बघा माझ्यासाठी. मळ्यात माझी जागा न्हाय."

त्यांच्या मागोमाग अमीनाबी बोळातून बाहेर पडली आणि कागलकडं जाणाऱ्या एका गाडीवानाजवळ तिनं मल्लाप्पासाठी निरोप दिला, अक्का आजची रात्र काढत नाही म्हणून. अक्काला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं देऊ दिला नसता.

दुसऱ्या दिवशी पहाटे अक्का गेली. जंगमांनी आणि पेठेतल्या त्यांच्या लोकांनी तिला आंघोळ घातली, विभूती लावली, नवं लुगडं नेसवलं आणि दगडी कट्ट्यावर बसवलं. कट्टा बांधणाऱ्यानं जसं बसायला सांगितलं होतं तसं, म्हणजे देवळाकडं पाठ करून. मला ते पाहवेना. सांगावं असं फार वाटलं, पण एवढ्या पुरुषांपुढं माझ्या तोंडून शब्द फुटेना. तेवढ्यात बाहेर उभी असलेली अमीनाबी म्हणाली, "तिला फिरवा जी. तसं तिला चालायचं न्हाई. इतकी वर्षं उभी राहिली ती कशापायी?" जंगम म्हणाले की आमच्यात असं काही नसतं. तरी त्यांनी आणि आणखी एकानं मिळून तिला उचलून फिरवलं. मंडईतल्या त्या कट्ट्यावर देवळाकडं तोंड करून बसलेलं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुपार झाली. शहरातल्या लिंगायतांच्या पुरायच्या जमिनीत खड्डा खणून तयार होता आणि उशीर करून चालणार नव्हतं. तिला उचलायला माणसं पुढं झाली तेव्हा मागच्या दारात मल्लाप्पा उभा होता. धुळीनं पांढरा झालेला. तो अक्काकडं पाहत आत आला, पाटांच्या रांगेतून सरळ माठापर्यंत गेला. तांब्या बुडवला आणि पाणी प्याला. सकाळीच मी भरलेलं पाणी होतं ते. एक तांब्या प्याला, परत बुडवून दुसरा प्याला.

जंगम म्हणाले, "खड्डा काढून झालाय, गौडा."

"आमीबी काढून आलोय," मल्लाप्पा म्हणाला. "करंजाखाली."

पुढच्या बाजूला त्याची गाडी उभी होती, तिच्यावर बांबूची चौकट बांधलेली आणि झेंडूच्या माळा सोडलेल्या. अक्काला गाडीत बसवलं. मल्लाप्पा तिच्या शेजारी चढला, त्याच्या पोरानं कासरे धरले. आम्ही बायका कोपऱ्यापर्यंत चालत गेलो. त्यापुढं बायकांनी जायचं नसतं.

कोपऱ्यावर रस्ता फुटतो. एक त्यांच्या शहरातल्या जमिनीकडं जातो, दुसरा कागलला. गाडी कागलच्या रस्त्याला वळली. तिथं दगड उखडलेले होते. गाडी हिसकली की अक्काचं डोकं हळूहळू डावीकडं झुकायचं, खांद्याला टेकायला यायचं, आणि मल्लाप्पा हात लावून ते सरळ करायचा. परत झुकायचं, परत सरळ करायचा. पार लांब गेल्यावर त्यानं हात लावायचं सोडून दिलं. तो जरा तिच्याकडं सरकला आणि डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं तसं त्यानं राहू दिलं.